बाहेर पडायचं बटणच नाही: ‘सोर्ड आर्ट ऑनलाइन’ कुठे जमते, कुठे फसते

क्लाइनने साडेपाचचा गरम पिझ्झा सांगून ठेवलाय. पाच वाजून पंचवीस मिनिटं झालीत, भूक लागलीय, आता खेळ आवरावा आणि जेवून यावं असं त्याच्या मनात आहे. तो मेन्यू उघडतो, बाहेर पडायचं बटण शोधतो. बटण नाही. पहिलाच दिवस आहे, काहीतरी बिघाड झाला असेल, असं म्हणत तो हसतो. शेजारी उभा असलेला गोष्टीचा नायक किरितो मात्र हसत नाही, कारण खेळाचं हेल्मेट डोक्यावर असताना बाहेर पडायचा दुसरा मार्गच नाही हे त्याच्या लक्षात आलेलं असतं.

‘सोर्ड आर्ट ऑनलाइन’ या जपानी ॲनिमे मालिकेचा हा पहिला भाग. ए-वन पिक्चर्स या स्टुडिओने ती केली, तोमोहिको इतो यांनी दिग्दर्शित केली, आणि जुलै ते डिसेंबर २०१२ या काळात तिचे पहिले २५ भाग जपानी टीव्हीवर दाखवले गेले. खेळात अडकलेल्या माणसांच्या गोष्टी आज ढिगाने निघतात. त्यातल्या बहुतेकांवर या मालिकेची सावली आहे. तिच्यावर जीव टाकणारे जितके, तितकेच तिला नावं ठेवणारे. गंमत म्हणजे बऱ्याचदा दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं असतं. ते कसं, हे मला मालिका दुसऱ्यांदा पाहताना नीट कळलं, कारण या वेळी शेजारी आई बसली होती. पत्ते आणि सापशिडी यांपलीकडे तिने कुठलाही खेळ खेळलेला नाही. तिला समजावता समजावता मलाच बरंच समजलं.

शेवट सांगितल्याशिवाय हे मांडता येणार नाही. मालिका पाहायची असेल तर आधी पाहून या.

आईला पहिली अडचण आली ती ‘खेळ’ या शब्दाचीच. आपल्या डोक्यातला खेळ म्हणजे डाव. तो मांडायचा, कोणीतरी जिंकतं, मग आवरायचा. पण इंटरनेटवर हजारो लोक मिळून खेळतात ते मोठे खेळ तसे नसतात. तिथे एक अख्खं जग सतत चालू असतं. तुम्ही झोपलात तरी तिथला बाजार भरलेला असतो. प्रत्येकाच्या नावापुढे एक पट्टी असते, तिला एचपी म्हणतात. मार बसला की ती कमी होते, हिरवीची पिवळी, पिवळीची लाल होते, आणि संपली की तुम्ही मेलात. नेहमीच्या खेळात मेलात तर थोडं नुकसान सोसून पुन्हा उभे राहता. राक्षस मारत गेलात की तुमची लेव्हल वाढते. चार-सहा जणांनी एकत्र लढायचं ठरवलं तर ती पार्टी, कायमची टोळी बांधली तर गिल्ड. खेळ बाजारात यायच्या आधी थोड्या लोकांना तो तपासायला देतात, ते बीटा टेस्टर. त्यांना पुढच्या वाटा आणि खाचखळगे आधीच ठाऊक असतात, म्हणून बाकीचे त्यांच्यावर जळतात. एवढं कळलं की मालिका कळते.

आता यात एकच नियम बदलायचा. ६ नोव्हेंबर २०२२ ही गोष्टीतली तारीख. (मालिका आली तेव्हा ती दहा वर्षं पुढची होती, आता मागे पडली.) नर्व्हगिअर नावाचं हेल्मेट मेंदूशी थेट बोलतं. खेळात हात उचलला की तो संदेश शरीरापर्यंत जाऊ न देता वाटेतच अडवतं, त्यामुळे माणूस अंथरुणावर निपचित आणि मनाने पूर्णपणे त्या जगात. दहा हजार लोक आत गेलेले असतात. संध्याकाळी खेळाचा निर्माता कायाबा आकिहिको लाल झग्यातल्या अवाढव्य आकृतीच्या रूपात चौकावर प्रकटतो आणि सांगतो, बटण मीच काढलंय. आइनक्राड नावाचा हा आकाशात तरंगणारा किल्ला १०० मजल्यांचा आहे, प्रत्येक मजल्याच्या टोकाला एक मोठा राक्षस आहे. शंभरावा मजला सर केलात तर सगळे सुटाल. तोवर ज्याची एचपी संपेल त्याचा मेंदू हेल्मेट जाळून टाकेल. बाहेरून कोणी हेल्मेट काढायला गेलं तरी तेच. घरच्यांनी घाबरून हेल्मेट ओढल्यामुळे २१३ जण आधीच गेले आहेत.

“म्हणजे चक्रव्यूहच की,” आई म्हणाली. “आत शिरता येतं, बाहेर पडता येत नाही.”

बरोबर आहे, पण निम्मंच. अभिमन्यूला ठाऊक होतं की आपण युद्धात शिरतोय. इथले लोक रात्रभर रांगा लावून, हौसेने पैसे मोजून आत आलेत. त्या चौकात कोण रडतं, कोण ओरडतं, कोण नुसतं उभं राहतं. मग कायाबा प्रत्येकाच्या हातात एक आरसा देतो, आणि प्रत्येकाने रंगवलेला सुंदर चेहरा गळून पडून खरा चेहरा उघडा होतो. फार चांगला प्रसंग आहे तो. आता हा खेळ राहिलेला नाही, हे त्या प्रसंगाने एकही वाक्य न वापरता सांगितलंय.

या मालिकेची खरी ताकद त्या एका बदललेल्या नियमात आहे. मरण खरं झालं की खेळातल्या बारीकसारीक गोष्टींना अचानक वजन येतं. पहिल्या मजल्याच्या राक्षसाशी लढायची वेळ येते तोवर एक महिना उलटलेला असतो आणि दोन हजार माणसं मेलेली असतात. बीटा टेस्टरांनी गोळा केलेली माहिती एका छोट्या पुस्तिकेतून सगळ्यांना फुकट वाटलेली असते. त्यात लिहिलंय की राक्षसाची ताकद संपत आली की तो कुऱ्हाड टाकून ‘तलवार’ उपसतो. हो, आपलीच तलवार, त्या नावाने. सगळी व्यूहरचना त्या वक्र तलवारीच्या हिशोबाने बसवलेली. आणि ऐन वेळी त्याच्या हातात येते नोदाची, लांब पात्याची जपानी तलवार. तिचे वार वेगळे, पल्ला वेगळा. किरितो ओरडतो, पण डियावेल हा पुढारी पुढे गेलेला असतो, आणि तो मरतो. एका हत्याराची चुकीची नोंद आणि एक माणूस गेला. साध्या खेळात याच चुकीवर आपण चरफडलो असतो आणि पुन्हा सुरुवात केली असती.

पुढे जे होतं ते मला त्याहून आवडतं. लोक चिडून बीटा टेस्टरांच्या अंगावर यायला लागतात. तेव्हा किरितो मुद्दाम खलनायकासारखा हसतो आणि म्हणतो, बाकीचे टेस्टर किरकोळ होते, मला सगळ्यात जास्त माहिती आहे. ‘बीटा’ आणि ‘चीटर’ जोडून लोक त्याला ‘बीटर’ ही शिवी देतात, आणि तो ती अंगावर घेऊन एकटा पुढच्या मजल्यावर निघून जातो. सगळा राग एका माणसावर वळला म्हणून बाकीचे वाचले. चौदा वर्षांच्या मुलाने घेतलेला हा निर्णय आहे.

दुसरी ताकद म्हणजे खाणं, झोपणं, राहणं. माणसं दोन वर्षं तिथे अडकली की ती नुसती लढत नाहीत. एक म्हातारेसे गृहस्थ तळ्याकाठी रोज गळ टाकून बसतात. आसुना ही अव्वल तलवारबाज, पण तिने वर्षभर खपून त्या जगातल्या शंभर-एक मसाल्यांचे गुणधर्म तपासून सोया सॉसची चव जुळवलेली असते. त्या गृहस्थांना ती मासा वाढते, आणि पहिल्या घासाला त्यांना कळतं की ही चव कशाची आहे. आईने इथे मला थांबवायला लावलं. माझी मावशी न्यू जर्सीत गेली तेव्हा पहिल्या हिवाळ्यात दगडफुलासाठी कशी वणवण फिरली होती, ते तिला आठवलं. गोडा मसाला तिथेच भाजायचा होता. “तसंच हे,” आई म्हणाली. तलवारीचं काही तिला फारसं भिडलं नव्हतं, सोया सॉस मात्र भिडला.

तिसरं नाव साचीचं. तिसऱ्या भागात किरितो आपली खरी लेव्हल लपवून पाच मित्रांच्या छोट्या गिल्डमध्ये शिरतो, कारण तिथे त्याला माया मिळते. साचीला मरायची भीती वाटते, रात्री झोप लागत नाही. तू मरणार नाहीस, असं तो तिला सांगतो. मग सत्ताविसाव्या मजल्यावर एक पेटी उघडली जाते, दार बंद होतं, राक्षसांनी खोली भरते, पळून जायची जादूची स्फटिकं तिथे चालत नाहीत. त्याच्या डोळ्यांदेखत सगळे मरतात. पुढे ख्रिसमसच्या रात्री तो एका भयंकर राक्षसाला एकट्याने मारतो, कारण त्याच्याकडे मेलेल्याला परत आणणारी वस्तू आहे अशी अफवा असते. वस्तू मिळते. तिच्यावर लिहिलेलं असतं की मेल्यानंतर दहा सेकंदांच्या आत वापरली तरच चालेल.

ते दहा सेकंद म्हणजे या मालिकेचा सर्वोच्च क्षण आहे, असं माझं ठाम मत आहे. कारण इथे नियम पाळलाय. गोष्ट सांगणाऱ्याला पाझर फुटला असता तर त्याने साचीला परत आणलं असतं, आणि आपण क्षणभर सुखावलो असतो. पण मग पुढच्या कुठल्याच मरणाला अर्थ उरला नसता.

आता दुखऱ्या जागा. पहिली अगदी सहज दिसते: मालिका उड्या मारते. दुसऱ्या भागात पहिला मजला, आठव्या भागात थेट चौऱ्याहत्तरावा. मधले भाग वेगवेगळ्या महिन्यांत घडतात. एका भागात एक मुलगी भेटते, तिला किरितो आवडायला लागतो, पुढच्या भागात ती नाही. पाहणाऱ्याला वाटतं आपल्याकडून मधले भाग सुटले. याचं कारण पडद्यामागे आहे आणि ते कळलं की राग बराच निवळतो. मूळ लेखक रेकी कावाहारा यांनी ही गोष्ट देंगेकी या कादंबरी स्पर्धेसाठी लिहायला घेतली होती. पानांची मर्यादा होती. गोष्ट मर्यादेत बसली नाही, म्हणून त्यांनी ती स्पर्धेला न पाठवता स्वतःच्या संकेतस्थळावर टाकली. नंतर दुसऱ्याच कादंबरीला त्यांना त्या स्पर्धेचं मोठं बक्षीस मिळालं, आणि मग २००९च्या एप्रिलमध्ये ही गोष्ट पुस्तकरूपाने आली. पानं मोजून लिहिल्यामुळे पहिल्या पुस्तकात फक्त सुरुवात आणि शेवट आहे, मधली दोन वर्षं उडवलेली. साची आणि मधल्या भागांत भेटणाऱ्या सिलिका, लिझबेथ यांच्या या पुढे फटी भरायला लिहिलेल्या छोट्या गोष्टी. ॲनिमेवाल्यांनी त्या सगळ्या तारखेप्रमाणे ओवल्या. मणी सुंदर आहेत, पण दोरा नंतर ओवलाय हे दिसतं. कावाहारांना स्वतःलाही ते खटकलं असावं, कारण २०१२पासून त्यांनी ‘प्रोग्रेसिव्ह’ नावाने पहिल्या मजल्यापासून एकेक मजला सावकाश चढणारी नवी पुस्तकं सुरू केली. त्या पुस्तकांवरचा पहिला चित्रपट २०२१मध्ये आला आणि त्यात तीच पहिल्या मजल्याची लढाई आसुनाच्या नजरेतून आहे. ज्यांना मालिका अर्धवट वाटली त्यांनी तो जरूर पाहावा.

दुसरी जागा किरितो स्वतः. सुरुवातीला तो घाबरलेला, क्लाइनला मागे टाकून पळालेला मुलगा असतो आणि ते त्याला आयुष्यभर सलतं. तोवर तो आपल्यातला वाटतो. हळूहळू तो कधीच न हरणारा होत जातो. चौऱ्याहत्तराव्या मजल्यावर सगळे हतबल झाले की तो अचानक दोन तलवारी काढतो, आणि हे कौशल्य अख्ख्या खेळात फक्त त्याच्याकडेच आहे असं कळतं. पहिल्या मजल्यावर चाळीस-पंचेचाळीस माणसांनी आळीपाळीने, एकमेकांना आवाज देत केलेली लढाई आठवा. तिच्यात रंगत होती कारण तिथे प्रत्येकाचं काम होतं. एकच माणूस सगळं करणार असेल तर बाकीच्या हजारो लोकांचं काय, हा प्रश्न मालिका विचारतच नाही.

तिसरी जागा मला सर्वांत जास्त लागते. पंचाहत्तराव्या मजल्यावर किरितो ओळखतो की सगळ्यांचा आदरणीय गिल्डप्रमुख म्हणजेच वेश पालटलेला कायाबा. त्याची एचपी कधीच हिरव्याखाली गेली नाही, यावरून तो पकडला जातो. छान सुगावा आहे, पहिल्यापासून डोळ्यांसमोर ठेवलेला. मग दोघांचं द्वंद्व ठरतं आणि कायाबा बाकी सगळ्यांना जागच्या जागी लुळं करतो. तरीही आसुना उठते आणि किरितोसाठीचा वार अंगावर घेते. ती मरते. मग किरितोची एचपी शून्य होते, तो विरून जायला लागतो, आणि तरीही हात पुढे करून कायाबाला भोसकतो. थोड्या वेळाने दोघेही जिवंत असल्याचं कळतं.

“अगं, पण पट्टी संपली होती ना?” आई म्हणाली. “मग हा उठला कसा?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. इच्छाशक्तीने, असं मालिका म्हणते. तिचे चाहते सांगतात की माणसाचं मन यंत्राच्या पलीकडे जाऊ शकतं हाच तर कावाहारांचा विषय आहे, आणि पुढच्या ‘अलिसायझेशन’ पर्वात इच्छेने जग वाकवणं हा त्या जगाचा रीतसर नियमच आहे. तिथे ते चालतं, कारण आधी सांगितलंय. इथे सांगितलेलं नाही. लहानपणी सुट्टीत पत्ते खेळताना आमचा एक मामेभाऊ हरायला लागला की “आता चौकटचा राजा सगळ्यांना मारतो” असं म्हणायचा. तो जिंकायचा, पण त्या डावात मग कोणालाच रस उरायचा नाही. साचीसाठी दहा सेकंद काटेकोर मोजणाऱ्या मालिकेने आसुनासाठी घड्याळच थांबवलं. साचीचं मरण त्यामुळे मागे जाऊन थोडं स्वस्त झालं, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

हे सगळं का केलंस, असं किरितो कायाबाला विचारतो तेव्हा तो म्हणतो, मीसुद्धा ते कधीच विसरून गेलो होतो. मग लहानपणापासून डोक्यात असलेल्या तरंगत्या किल्ल्याबद्दल बोलतो. मागे किल्ला कोसळत असतो, आभाळ केशरी असतं, युकी काजिउरांचं संगीत काळीज हलवतं. दृश्य अप्रतिम, उत्तर पोकळ. खाली जवळजवळ चार हजार माणसं मेलीत.

तुलना म्हणून ‘लॉग होरायझन’ ही दुसरी ॲनिमे मालिका पाहावी. ती एनएचके या जपानी सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या शैक्षणिक वाहिनीवर २०१३च्या ऑक्टोबरपासून लागली. तिथेही माणसं खेळात अडकतात, जपानमधले तीस हजार. पण मेलेला माणूस मंदिरात पुन्हा जिवंत होतो. म्हणजे मरणाची भीतीच गेली. मग गोष्ट उभी कशी राहते? तिथलं सगळं जेवण बेचव असतं. मेन्यूतलं बटण दाबून केलेला कुठलाही पदार्थ ओल्या, अळणी बिस्किटासारखा लागतो. ज्याच्याकडे स्वयंपाकाचं कौशल्य आहे त्याने बटण न वापरता स्वतःच्या हाताने चिरून, भाजून केलं तरच चव येते, हा शोध लागतो आणि त्यावर अख्खं शहर सावरतं. नायक शिरोए तलवारीपेक्षा डोकं चालवतो. अकिबा या शहरातली गिल्डची इमारतच पन्नास लाख सोन्याची नाणी मोजून विकत घेतो आणि त्या जोरावर भांडणाऱ्या टोळ्यांना एका टेबलाशी बसवून कायदे करायला लावतो. शिवाय प्रत्येक मरणामागे खऱ्या आयुष्यातली एखादी आठवण पुसली जाते, हे हळूहळू कळतं. किरितोने जे लाखभर वार करून मिळवलं नाही ते शिरोए बैठकीत मिळवतो. तरीही खरं सांगते, रात्री झोपताना डोळ्यांसमोर येतो तो आइनक्राडचाच चौक. ‘लॉग होरायझन’चं डोकं जास्त चांगलं आहे, ‘सोर्ड आर्ट’चा हुंदका जास्त खरा आहे.

पहिल्या पर्वाचा उत्तरार्ध, पऱ्यांच्या जगातला, मी लवकर उरकते, कारण तो मालिकेचा तळ आहे. खेळ संपूनही तीनशे जण जागे झालेले नाहीत, त्यांत आसुना. एका नीच माणसाने तिला सोन्याच्या पिंजऱ्यात ठेवलंय. ती आरशात बघून दाराचा आकडा पाठ करते आणि स्वतःहून बाहेर पडते, तेव्हा आशा वाटते. मालिका तिला परत पकडवते आणि किरितोची वाट पाहत बसवते. शेवटी तिच्यावर होणारी जबरदस्ती ज्या तऱ्हेने दाखवलीय ती फक्त किरितोचा राग पेटवण्यासाठी. तिथे आई उठून स्वयंपाकघरात गेली, आणि मीही पुढे ढकललं.

पण २०१४च्या दुसऱ्या पर्वाचे शेवटचे भाग मी आईला हट्टाने दाखवले. तिथे युउकी नावाची मुलगी भेटते. किरितोलाही हरवणारी, सतत हसणारी. तिच्या जन्माच्या वेळी आईला दिलेल्या रक्तातून अख्ख्या कुटुंबाला एचआयव्हीची लागण झालेली असते. आता ती एकटी उरलीय, एका जंतुविरहित खोलीत, पलंगाएवढ्या यंत्रात, आणि तीन वर्षं त्या यंत्रातूनच ती खेळात जगतेय. तेच तंत्रज्ञान ज्याने दहा हजारांना कोंडलं, ते इथे एका मुलीला चालायला, धावायला, मैत्रिणी करायला जागा देतं. कुलूप बाहेरच्या जगाला आहे, दार खेळाच्या बाजूने उघडं आहे. खेळात अडकण्याची कल्पना इतकी पूर्ण उलटी केलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही. आणि इथे नियम मोडत नाही. किरितो काही करू शकत नाही, कोणीच करू शकत नाही. फक्त तो आसुनाच्या खांद्यावर बसेल असा एक छोटा कॅमेरा तयार करतो, म्हणजे युउकीला तिच्यासोबत शाळेत जाता येईल.

वर्गात जपानी भाषेचा तास चालू असतो. शिक्षक युउकीला धडा वाचायला सांगतात. आसुना उभी राहते, पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरते, आणि खांद्यावरून आवाज येतो. स्पष्ट, न अडखळता, आनंदाने. सगळा वर्ग ऐकत राहतो.

आईने चष्मा काढून पदराने पुसला. “तिला वाचायला सांगितलं बाई त्यांनी,” ती म्हणाली. “नुसतं बसवून नाही ठेवलं.”